गुणांचा रकाना

"तुमच्या औषधाला नऊ गुण देले म्या, म्याडम," किसनसिंग म्हणाले, आणि प्रतिक्षाने झेरॉक्सच्या यंत्रातून नुकताच ओढून घेतलेला ऊन कागद तिच्या हातात तसाच राहिला. वाक्य साधं होतं, कौतुकाचं होतं. म्हणणारा माणूस निवृत्त एसटी कंडक्टर होता. आकडा मोठ्याने आणि स्पष्ट म्हणायची त्यांची जन्माची सवय. तरीही, अजून एक पायरी आहे असं समजून टाकलेला पाय सपाट जमिनीवर आपटावा, तसं तिला आत कुठेतरी झालं. हिंगोलीच्या कोर्ट रस्त्यावरचं हे दुकान तिच्या पायाखालचं. सात वर्षं ती आपल्या फार्मसी महाविद्यालयाच्या प्रश्नपत्रिका इथेच काढून घेत आली होती. मार्चमधल्या शुक्रवारची सकाळ, समोर वकिलांच्या कारकुनांची गर्दी, यंत्राच्या काचेखालून सरकणारा हिरवा उजेड, आणि टेबलावर तिचा अहवाल, बत्तीस पानांचा, सोमवारी द्यायचा. आस्कंदाच्या, म्हणजे अश्वगंधेच्या, मुळ्यांच्या चूर्णाने माणसाचा ताण खरोखर कमी होतो का, एवढ्या एका प्रश्नाचा तो अहवाल होता. किसनसिंगांनी रिकामा डबा पुढे केला. डबा सरला, आनखी भेटन का, असं ते विचारत होते. डब्यावर तिच्याच अक्षरात बारा हा आकडा होता.

तिने गठ्ठ्यातून बारा नंबरचा तक्ता काढला. आठ रविवार, आठ चौकोन. एक, दोन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, नऊ. हाच तक्ता समोर ठेवून तिने परवा अकराव्या पानावर लिहिलं होतं की चाळीसपैकी चौदा व्यक्तींमध्ये ताण उत्तरोत्तर वाढल्याचे दिसते. लिहिताना तिला वाईटही वाटलं होतं. बारा नंबरचा माणूस कोण, त्याच्या घरी काय चाललं असेल, असं क्षणभर मनात येऊन गेलं होतं. तो माणूस आता तिच्यासमोर उभा होता, दाढी घोटलेली, कपाळाला अष्टगंध, आणि तिने आजवर पाहिलेल्या माणसांत सर्वांत निवांत. ती हळूच म्हणाली की काका, हा आकडा ताणाचा आहे ना, नऊ म्हणजे फार ताण. किसनसिंगांनी चष्मा कपाळावर चढवून कागद जवळ धरला आणि रकान्याच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"ताण हाये, पन त्याच्यापुढं काय? इथं लिवलेलं हाये की. गुण. आता औषधाचा गुण इचारला तर मी काय शाळेतला सांगू?"

मग पहिल्या आठवड्यात एकच का, असं तिने विचारलं.

"पैल्याच हप्त्यात नऊ देले का औषध माजतं," ते म्हणाले आणि दुकानदाराकडे पाहून हसले. दुकानदारही हसला. प्रतिक्षाही हसली, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. डब्याचं नंतर कळवते असं सांगून तिने त्यांचा नंबर लिहून घेतला आणि ते गेल्यावर ती दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली.

गुण. मूळ इंग्रजी तक्त्यात त्या ठिकाणी जो शब्द होता त्याला तिने हा मराठी शब्द दिला, तेव्हा तिला विचारही करावा लागला नव्हता. पहिलीपासून एम. फार्म.पर्यंत तिच्या आयुष्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर तो छापलेला होता. विषय, कमाल गुण, मिळालेले गुण. तिने लिहिलं : 'मागील आठवड्यातील ताण – गुण (१० पैकी)'. जास्त आकडा म्हणजे जास्त ताण, हे तिने पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावलंही होतं. माणसांनी माना डोलावल्या होत्या. पण माणूस घरी जातो, दिवस जातात, हातात कागद तेवढा उरतो, आणि ज्याला औषधाचा डबा दिलेला आहे त्याला गुण हा एकच प्रश्न विचारला जाऊ शकतो. आला का? किती आला? तिच्याच घरात, तिच्याच आईच्या तोंडी तो शब्द याहून दुसऱ्या अर्थाने तिने कधी ऐकला नव्हता. शाळेतल्या गुणांना आई मार्क म्हणायची.

इथवर आल्यावर तिचा हात गठ्ठ्याकडे गेला आणि मध्येच थांबला. फोनवर ऐकून तिने स्वतः उतरवलेला एकतिसाव्या क्रमांकाचा तक्ता पाहायची तिला गरज नव्हती. तो पाठ होता. नऊ, आठ, सात, सहा, चार, तीन, दोन, दोन. चौदाव्या पानावर नमुना म्हणून त्याचा आलेखही काढलेला होता. डावीकडून उजवीकडे इतकी समजूतदारपणे उतरणारी रेघ चाळीसांत दुसरी नव्हती. एकतीस नंबर म्हणजे तिची आई, कुरुंद्याच्या पार्वतीबाई. वडील, सोनाजी, गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर गेले, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून झोप उडालेल्या आईचा ताण आठ आठवड्यांत नवावरून दोनावर आला, म्हणून प्रतिक्षाने मनातल्या मनात एक मोठं ओझं उतरवून ठेवलं होतं. ती निर्धास्त झाली होती. आणि आता तोच कागद किसनसिंगांच्या बोटाने वाचला, तर आईने आठ रविवार एकच गोष्ट सांगितली होती : थोडा होता तो गुणही गेला, आता काही राहिलं नाही.

तिने हरीश सरांना फोन लावला. हरीश सर तिच्याच महाविद्यालयात शिकवत. कोणत्या डब्यात खरं चूर्ण आणि कोणत्यात नुसतं पीठ, याची यादी बंद पाकिटात त्यांच्याकडे होती. प्रतिक्षालाही ती माहीत नव्हती, कारण देणाऱ्यालाच माहीत असलं तर त्याचा चेहरा बोलतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते चौदा उलटे वाचून टाका असं सुचवलं. ती म्हणाली, उतरलेले एकोणीस कोणत्या अर्थाने उतरले ते तरी कुठे माहीत आहे. मधले सात तर कोणत्याच बाजूचे नाहीत. मग ते म्हणाले की प्रत्येकाकडे जाऊन विचारावं लागेल, मॅडम, दुसरा मार्ग नाही. आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सौम्यपणे, "आईंना घेऊ नका असं मी तेव्हाच म्हणालो होतो," एवढं म्हणाले. त्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते फार वेळ टोचत राहिलं. तिने घरी नवऱ्याला, विजयकुमारला, संध्याकाळी उशीर होईल असा निरोप पाठवला आणि वसमतच्या गाडीत खिडकीशी जागा धरली.

गाडी औंढ्याच्या रस्त्याला लागली तसा शिजणाऱ्या हळदीचा वास आत यायला लागला. या दिवसांत जिल्ह्याच्या या भागात तो वास हवेचाच भाग असतो; किंचित उग्र, किंचित मातकट, कपड्यांना आणि भाकरीला सारखाच चिकटणारा. प्रतिक्षाने डोळे मिटले. चाळीस जण का हवे होते? एकोणचाळीस चालले नसते? पुसेगावच्या बचत गटाच्या बायका आस्कंदाचं चूर्ण करून पाकिटात भरत. गटाची प्रमुख शिला. तांड्यावरची, बारावी झालेली, प्रश्न सरळ विचारणारी. ती महाविद्यालयात आली आणि म्हणाली की पाकिटावर 'ताण घालवते' असं छापायचं आहे, पण छापायच्या आधी खरं काय ते कळलं पाहिजे, नसेल तर आम्ही नुसतं 'आस्कंद चूर्ण' छापू. प्रतिक्षाला ते इतकं आवडलं की तिने लगेच होकार दिला. निम्म्या डब्यांत चूर्ण, निम्म्यांत भाजलेल्या ज्वारीचं पीठ. वास जुळावा म्हणून ते पीठ पंधरा दिवस मुळ्यांबरोबर एका पिंपात ठेवलं. सगळं नेकीने केलं. शेवटी एक माणूस कमी पडला, आणि तिला आईचा चेहरा आठवला, ओढलेला, डोळ्यांखाली सावल्या असलेला. तिने स्वतःला सांगितलं की वय, झोप, लक्षणं, सगळं निकषात बसतं. हे खरंही होतं. पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती. आईला औषध द्यायची तिला इच्छा होती. आणि ते देताना आपण मुलगी म्हणून नव्हे तर एका मोठ्या, निःपक्षपाती कामाचा भाग म्हणून देतो आहोत, असं वाटण्यात एक सोय होती. मुलीने विचारायच्या प्रश्नांना उत्तरं ऐकावी लागतात. तक्त्याला आकडा पुरतो.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी ती स्वतः डबा घेऊन गेली होती. दिवसभर राहिली, आईशी बोलली, चूर्ण कोमट दुधातून कसं घ्यायचं ते दाखवलं, भिंतीवरच्या खिळ्याला तक्ता अडकवला आणि सुतळीने पेन्सिल बांधून दिली. आई चौथी शिकलेली, आकडे सुबक काढायची. मग दर रविवारी फोन. पहिला फोन दहा मिनिटं चालला असेल. आई, किती गुण? नऊ. झोप? येते. जेवलीस? आकडा सात झाला तेव्हा झोपेचा प्रश्न गळाला, सहा झाला तेव्हा जेवणाचा. चार झाल्यावर तिने रंगपंचमीला जायचं ठरवलेलं रद्द केलं, कारण मुलीची, सृष्टीची, परीक्षा होती आणि आई तर बरी होती, कागदच सांगत होता. शेवटच्या दोन रविवारी फोन मिनिटभराचा होता. आई, किती गुण? दोन. बरं, लिहून ठेव. आता गाडीच्या खिडकीच्या दांड्याला डोकं टेकून ते आठ फोन एकापाठोपाठ एक ऐकताना तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक रविवारी तो शब्द तिने स्वतःच्या तोंडाने विचारला होता. कागदाला दोष द्यायलाही जागा नव्हती.

कुरुंद्याजवळच्या तांड्यावरच्या पारुबाईची तिला आठवण झाली. प्रतिक्षा सहा-सात वर्षांची असताना तिला झोपेत दचकायची सवय लागली होती. सोनाजी तिला खांद्यावर घेऊन टोकाईच्या माळापलीकडे पारुबाईकडे गेले. त्या म्हातारीच्या हाताला गुण आहे असं सगळी पंचक्रोशी म्हणायची. अंगभर आरशांचे कपडे, हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि सहाणेवर मुळी उगाळताना ओठांतल्या ओठांत चाललेलं काहीतरी. तिच्याकडचा एक रिवाज होता. औषध नेणाऱ्याने सात दिवसांनी परत जाऊन गुण सांगायचा. नारळ न्यायचा नाही, काही द्यायचं नाही, फक्त उंबऱ्याशी उभं राहून सांगायचं. न सांगता राहिलं तर हात आटतो, असं मानत. सातव्या दिवशी आईच तिला घेऊन गेली. दचकणं थांबलं नव्हतं, आदल्या रात्रीही प्रतिक्षा किंचाळून उठली होती. पण आई उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "येऊन राहिला, मावशी, गुण. हळूहळू येऊन राहिला." वाटेत प्रतिक्षाने विचारलं की तू खोटं का बोललीस. आईने खोटंच्या जागी दुसरा शब्द शोधून पाहिला असावा. मग म्हणाली की आपल्यासाठी कुणी उगाळलं, तर त्याच्या तोंडावर न्हाई म्हणू नये, माय. पुढे दोन-तीन महिन्यांनी दचकणं आपोआप थांबलं, आणि पारुबाईच्या नावावर आणखी एक गुण जमा झाला. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षी वर्गात सर म्हणाले होते, बऱ्याच तक्रारी काळच बऱ्या करतो आणि श्रेय औषधाला जातं. तेव्हा सगळ्या वर्गात तिला एकटीला ते कळल्यासारखं वाटलं होतं. म्हणून तर पिठाचे वीस डबे. काळ काय करतो, नुसता विश्वास काय करतो आणि मुळी काय करते, हे वेगळं काढण्यासाठी. मात्र उंबऱ्याशी उभं राहून माणूस काय करतो, ते वेगळं काढायची सोय तिने ठेवली नव्हती.

तिच्या पर्समध्ये याच आस्कंदाच्या गोळ्यांची बाटली होती, शहरी, चकचकीत, विजयकुमारने आणून दिलेली. गेले तीन महिने ती रोज दोन घेत होती. गुण आला का, हे तिला तिच्या नवऱ्याने विचारलं नव्हतं आणि तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. बरं वाटत होतं का? काही दिवस वाटत होतं. त्या दिवसांत गोळीशिवाय आणखी काय काय घडलं होतं, कोण जाणे.

फाट्यावरून रिक्षा करून ती गावात पोचली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. आई घरात नव्हती. घरामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीवर शिजवलेली हळद वाळत घातलेली होती. आई तिच्या मधोमध उकिडवी बसून हाताने हळकुंडं खालीवर करत होती, कोपरापर्यंत पिवळी. शेत आता आईचे दीर करत, पण वाटणीची हळद वाळवायचं काम आईने कुणाला दिलं नव्हतं. मुलीला अवचित पाहून ती दचकली नाही. तिने एक हळकुंड उचलून मोडलं, आवाज ऐकला, आतला रंग पाहिला, नापसंतीने मान हलवून ते परत टाकलं आणि मग म्हणाली, "ये माय. काहून आली गं मधीच? पोरगी बरी हाये ना?"

सगळे बरे आहेत, सहज आले, असं प्रतिक्षा म्हणाली आणि आईकडे पाहत राहिली. ती पाहत होती ते मुलीच्या नजरेने की परीक्षकाच्या, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. डोळ्यांखालच्या सावल्या होत्या. पण त्या पूर्वीइतक्याच होत्या, की जास्त, की उन्हामुळे? मानेच्या शिरा. हात मात्र स्थिर, चपळ. आई बरी दिसत होती आणि बरी दिसतही नव्हती. एका माणसाकडे दोन अर्थ मनात धरून पाहिलं की त्याचा चेहराच तसा होतो. आईने घरात चहा ठेवायला सांगितलं आणि स्वतः हात धुवायला हौदाकडे गेली.

स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं. फडताळात एकतीस नंबरचा डबा, त्यात चमचा, डब्याच्या तळाशी दोन-तीन दिवसांपुरतं चूर्ण. म्हणजे घेतलं होतं, नेमाने. शेजारी दुधाचं छोटं पातेलं. खिळ्याला तक्ता, सुतळीला पेन्सिल, झिजून बोटाएवढी झालेली. तिने कागद खिळ्यावरून काढला आणि दाराच्या उजेडात नेला. आठ चौकोनांत आठ आकडे, फोनवर सांगितलेलेच. मग उजेड तिरपा पडला तेव्हा तिला दिसलं की पहिल्या चौकोनातल्या नवाखाली कागद खरबरीत झालेला आहे. खोडलेलं होतं. रबर घरात नसावं. ओल्या बोटाने घासून काढलं होतं, तसं आई लहानपणी तिच्या पाटीवरचं चुकलेलं उत्तर पुसायची. नवाखाली, फिकट पण ओळखू येईल असा, दोन होता. तिने पुढचा चौकोन पाहिला. आठाखाली दोन. साताखाली दोन. सहाखाली, चाराखाली, तिनाखाली दोन. शेवटच्या दोन चौकोनांत मात्र खाडाखोड नव्हती. तिथे पहिल्यापासून दोनच लिहिलेला होता, सरळ, सुबक, हात न थांबता.

चहा उतू गेला. आई आत आली, तिने गॅस बंद केला, मुलीच्या हातातला कागद पाहिला आणि पदराला हात पुसत राहिली, लागतील त्याहून जास्त वेळ.

"आई, हे पुसलंस का?"

"पुसलं न्हाई. बदललं."

"का पण?"

पार्वतीबाईंनी चहा गाळला. दोन कप भरले, कपाला लागलेला ओघळ पुसला. मग त्या बोलल्या, पण मुलीकडे न पाहता, फडताळाकडे पाहून, जणू तो डबाच तिथे ऐकायला बसला होता. "तू येवढी हिंगोलीहून घेऊन आली. पिठापरमानं चाळलेलं, डब्यावर नंबर टाकलेला. त्या टायमाला तुझं तोंड पाहिलं म्या. मंग पैल्याच हप्त्यात दोन गुण कसं म्हनू? तुझं मनच मोडलं असतं. म्हनून नऊ लिवलं. पन खोटं तरी किती दिस लिवावं? कागद सरकारी दिसून राहिला. तर मंग उतरले हळूहळू, तुला तकलीफ न देता. एकेक पायरी."

प्रतिक्षाला चौदाव्या पानावरची रेघ आठवली. चाळीसांतली सर्वांत समजूतदार रेघ. ती चूर्णाची नव्हती, ताणाचीही नव्हती. आठ आठवडे एका बाईने आपल्या मुलीचा हात धरून तिला जिन्यावरून खाली आणलं होतं. आणि मुलगी प्रत्येक पायरीवर, आई बरी होते आहे, असं समजून एकेक प्रश्न टाकून देत गेली होती. तिला वाटलं होतं की इथे आल्यावर एक मोठी चूक उघडी पडेल आणि तिचं हसू होईल किंवा रडू. तसं काही झालं नाही. चहा नेहमीसारखा गोड होता. बाहेर कुणीतरी हळदीवर बसलेल्या कोंबड्या हाकलत होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग दोन तरी कशाचे दिलेस?"

आईने विचार केला. तिला प्रश्न रास्त वाटला असावा.

"दोन दुधाचे," ती म्हणाली. "तुझे बाप गेल्यापून मी दूध घेनंच सोडलं होतं. एकटीसाठी कोन तापवत बसतं? औषधासाठी तापवावं लागलं. गरम गरम पेलं का बरं वाटतं थोडं. त्याचे दोन."

प्रतिक्षा हसली, आणि हसताना तिला जाणवलं की आपण अहवालाच्या बत्तीस पानांत जे शोधत होतो, त्याच्या फार जवळ कुणी आलं असेल तर ही बाई आली आहे. दूध वेगळं, औषध वेगळं. एवढं तर वीस डब्यांतल्या पिठाकडून काढून घ्यायचं होतं. तिने आईला सांगितलं की काही जणांना त्याने चांगला गुण आला म्हणतात, हिंगोलीचे एक कंडक्टर तर दुसरा डबा मागत आहेत. आई म्हणाली की असंन, एकाला येतो, एकाला न्हाई येत. मग चहाचा घोट घेऊन तिने विचारलं, "माझ्या डब्यात खरं होतं का पीठ?"

"मलाही माहीत नाही, आई."

"तुला काहून न्हाई माहीत? तूच तर आणलं."

"मला माहीत असतं तर तू माझं तोंड वाचलं असतंस."

आईने मान्य केल्यासारखी मान हलवली. "ते तर वाचलंच म्या," ती म्हणाली. मग, आपल्या बाजूची गोष्ट नोंदवून ठेवावी तशी, "पन एक दिस चुकवलं न्हाई हां. खरं असू दे का पीठ, बराबर घेतलं," असंही म्हणाली.

शिलाला काय सांगायचं ते आता प्रतिक्षाला स्पष्ट होतं. पाकिटावर नुसतं आस्कंद चूर्ण छापा. गुण येतो असं म्हणता येत नाही आणि येत नाही असंही म्हणता येत नाही, कारण मला विचारताच आलं नाही. पुन्हा विचारू, या वेळी एकेकाच्या घरी बसून, झोप किती वाजता मोडते आणि जेवण जातं का अशा साध्या शब्दांत. शिला ऐकून घेईल. तीच एकटी अशी होती जिने उत्तर आधी ठरवलेलं नव्हतं. हे सगळं सोमवारी, नंतर कधीही, लिहिता येण्यासारखं होतं. पण वर्षभर ती जे काम पुढे ढकलत आली होती ते इथे होतं, आणि त्याला रकाना नव्हता.

वडील होते तेव्हा शेताला एक आठवडा दिवसाची लाईट असायची, एक आठवडा रातची. रातच्या हप्त्यात दोनच्या सुमाराला वीज आली की सोनाजी उठत आणि विहिरीवर मोटार चालू करायला जात. त्यांच्या आधी आई उठायची, बॅटरी शोधून हातात द्यायची, आणि ते परत येईपर्यंत दारात बसायची. मधल्या खोलीतून लहानपणी प्रतिक्षाला तो बॅटरीचा गोल उजेड दाराबाहेर जाताना दिसायचा, आणि तिला परत झोप लागायची. दचकणं बहुधा त्याच वर्षी थांबलं. तिला हे आज, इथे उभी असताना आठवत होतं. आता विहिरीवर दिरांनी आपोआप चालू होणारा स्टार्टर बसवला होता. कुणाला उठायचं कारण नव्हतं.

आई परत हळदीकडे निघाली होती. ऊन असेतो एकदा पालटून घ्यायला हवी होती. दारात थांबून, मुलीला हवं ते दिलं नाही असं वाटल्यासारखी, ती मागे वळली. "या रव्वारचा राहिला ना आकडा? लिवून टाक मंग. दोन."

प्रतिक्षाने तक्ता परत खिळ्याला अडकवला आणि ती आईमागून अंगणात आली. "आकडा नको," ती म्हणाली. "तुला झोप का लागत नाही ते सांग."

पार्वतीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा ती आल्यापासून पहिल्यांदाच, आणि नंतर खाली हळदीकडे. एक हळकुंड उचललं, मोडलं. या वेळी आवाज कोरडा आला.

"ते काय उभ्यानं सांगायसारखं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझी गाडी जाईन."

"जाऊ दे."

प्रतिक्षा चपला काढून ताडपत्रीच्या कडेला बसली आणि आईचं पाहून तिनेही हात हळदीत घातले. हळकुंडं उन्हाने तापलेली होती. आई काही वेळ नुसती खालीवर करत राहिली. मग म्हणाली, "रातच्या लाईटीचा हप्ता असला का दोनला उठून बसते मी, अन् मला बॅटरी कुठं ठेवली तेच आठवत न्हाई."